दस्तगीरचा जांभळा उजेड

सांगलीत एके काळी दिवेलागणीनंतर जे काही लाल, निळं, हिरवं पेटायचं, त्यातलं निम्म्याहून जास्त दस्तगीर शिकलगारनं आपल्या फुंकेनं वाकवलेलं असायचं. टॉकीजवरचं निऑनचं नाव त्याचं, पेठेतल्या साडीच्या दुकानावरचा मोर त्याचा, आणि स्टँडसमोरच्या बारवरचा तो भरत जाणारा आणि पुन्हा रिकामा होणारा ग्लासही त्याचाच. "आयुष्यात दारूला शिवलो न्हाई मी, पर गावातला पैला ग्लास म्याच भरला," हे वाक्य त्यानं खणभागातल्या प्रत्येक चहावाल्याला ऐकवलेलं होतं, आणि चहावाले बिचारे दर वेळी नव्यानं हसायचे. माणूस बोलघेवडा. आपल्या कामाचं कौतुक दुसरा कुणी करील म्हणून वाट बघत बसण्याएवढा धीर त्याच्या अंगात नव्हता.

पण काम खरोखरच कौतुकाचं होतं. काचेची नळी ज्योतीवर धरायची, मऊ झाली की वाकवायची, आणि वाकताना ती चेपू नये म्हणून तोंडातल्या रबरी नळीतून आत हलकी फुंक मारत राहायची. फुंक जास्त झाली की काच फुगते, कमी झाली की बसते. अक्षर तयार झालं की पंपानं आतली हवा ओढून घ्यायची, मोठ्या ट्रान्सफॉर्मरनं वीज सोडायची आणि उजेडाकडे बघत थांबायचं. पुण्याच्या कॅम्पात ज्या उस्तादांकडे तो हे शिकला ते सांगायचे, नळीच्या आत मळ आहे की ओल आहे हे बाहेरून कळत नाही, ते फक्त उजेड सांगतो. सुरुवातीला उजेड गढूळ असतो, मध्येच पांढुरका, मध्येच वळवळणारा. आतला मळ निघून गेला की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा होतो. याला ते लोक रंग बसला म्हणायचे. रंग बसल्याशिवाय दस्तगीरनं जन्मात नळीत वायू भरून तिचं तोंड बंद केलं नाही, आणि रंग बसलेली त्याची नळी कधी परत आली नाही. एखाद्या गोष्टीवर माणसाचा आंधळा विश्वास बसायला आणखी काय लागतं?

सत्त्याण्णव साल येईतोवर या विश्वासाला गिऱ्हाईक मात्र उरलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पेट्या निघाल्या होत्या. आत दोन ट्यूबलाइट, वर रंगीत पत्रा, झाली पाटी. साडीवाल्यानं मोर उतरवून भंगारात दिला. दस्तगीरनं तो भंगारवाल्याकडून परत आणला आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगून ठेवला, वीज न देता. दिवसभर बसून तो सगळ्यांना सांगायचा की पेट्यांचं हे खूळ फार दिवस टिकणार नाही. सांगताना त्याचा आवाज चढायचा, कारण त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं.

या दुकानामागं, या कसबामागं एक बाई होती. दस्तगीरला आई आठवत नव्हती, आठवायची ती आपा. नूरजहां, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ही परकरातलीच होती. आष्ट्यात शेंगदाण्याच्या एका शेठची शेड होती. तिथं आई दाणे निवडायला जायची. तिच्या जागेवर ही पोरगी सूप घेऊन बसली ती कायमचीच. तिनं दस्तगीरला वाढवलं, हट्टानं पुण्याला शिकायला पाठवलं, आणि मग सगळ्यांच्या मागून स्वतःचं लग्न केलं. नवरा बाबालाल, गावोगाव फिरून कापूस पिंजून गाद्या भरणारा, गरीब स्वभावाचा. त्यांना एकच मुलगी झाली, अल्फिया. आपानं आयुष्यभर त्याला दिलं आणि आपण तिला काही देऊ शकलो नाही, ही गोष्ट दस्तगीरला टोचायची. एवढा बोलका माणूस, पण हे मात्र त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आता त्या शेडमधली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं पुढं तिच्यावरच आलं. बायका ओळीनं बसून दाण्यांचे वाटे करायच्या. टपोरा पहिल्या नंबरचा, बारका दुसऱ्या नंबरचा, आणि काळा पडलेला, सुरकुतलेला, बुरशी धरलेला तो बाद. पहिला नंबर मुंबईला जायचा, दुसरा बाजारात, बाद तेलाच्या घाण्याला. पण घाण्याला जायच्या आधी शनिवारी शेठ प्रत्येक बाईच्या पदरात मापटंभर बाद दाणा घालायचा. शेठच्या वडिलांपासूनची रीत होती ती. शेठला तो धर्म वाटायचा आणि बायकांना हक्क. आष्ट्यातल्या कितीतरी चुलींवर चटणी व्हायची ती या बाद दाण्याची.

नूरजहां मात्र घरी आल्यावर तोच दाणा पुन्हा सुपात घ्यायची. दिवसभर दुसऱ्यासाठी निवडून दुखावलेले डोळे घेऊन ती आपल्या घरासाठी निवडायला बसायची. बोटांत दाबून बघायची, शंका आली की दातांखाली धरून थुंकायची, आणि निम्म्याहून जास्त उकिरड्यावर टाकून यायची. शेडमध्ये शेजारी बसणारी सुलाबाई तिला चिडवायची, "काय गं नूरजहां, मापटंभर नेतीस आन् चिमूटभर खातीस. नवाबाची लेक हाईस व्हय?"

"कडू लागतंय गं," नूरजहां म्हणायची. याच्यापलीकडे तिलाही काही ठाऊक नव्हतं.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस लागला. खळ्यावर वाळत घातलेल्या शेंगा भिजल्या, पोत्यांतून हिरवी बुरशी वर आली. शेडमध्ये बादाचा ढीग पहिल्या नंबरापेक्षा मोठा झाला. पदरात पडणारं मापटं तेवढंच राहिलं, पण त्यातून घरी निवडल्यावर मूठभरही हाती लागेना. आणि नेमकं तेव्हाच बाबालालला खाण्याची गरज होती. काही वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली होती, त्यानंतर तो कधी धड उभा राहिलाच नव्हता. त्या हिवाळ्यात त्याच्यानं पिंजणीची कमान उचलेना. डॉक्टर म्हणाले, अंगावर मांस चढेल असं काहीतरी खायला घाला. गरिबाच्या घरात असं म्हटलं की एकच गोष्ट आठवते, शेंगदाणा आणि गूळ.

अशा वेळी देवदत्त मगदूम सर दस्तगीरच्या दुकानात आले. सांगलीच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. अतिशय सरळ आणि अतिशय सावध माणूस. बंद केलेल्या बटणावरही हात ठेवण्याआधी ते एकदा टिचकी मारून बघत. कॉलेजचा पंप मोडून पडला होता आणि त्यांना काचेच्या नळ्यातली हवा काढून त्यात वीज सोडायची होती. परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की हवा विरळ करून पेटवली तर ती पेटते पण तापत नाही, आणि त्या थंड उजेडात जंतू मरतात.

"त्याला थंड प्लाझ्मा म्हणतात," सर म्हणाले.

दस्तगीर मोठ्यानं हसला. "सर, आवं आमी तर रोज तेच करतो की. नाव तेवढं तुमचं नवीन हाय."

सरांच्या डोक्यात ते भिजलेले शेंगदाणे होते. दाणा भाजायचा नाही, त्याला औषध लावायचं नाही आणि तरी बुरशी मारायची, असं काही जमेल का, हे त्यांना बघायचं होतं. दस्तगीरला त्या दिवशी जेवणाचीही शुद्ध राहिली नाही, इतका तो हरखला. बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी त्याच्या हाताला काम दिलं होतं, आणि तेही कॉलेजातल्या सरांनी. जाड काचेचा मांडीएवढा रुंद नळा त्यानं मिळवला, दोन्ही टोकांना विजेचे सांधे बसवले, आणि आष्ट्याहून आपाकडचा बाद दाणा मागवून आत भरला.

पंप सुरू झाला, वीज सोडली. आधी उजेड गढूळ आला, दाण्यांतली ओल निघत होती. पांढुरका, थरथरणारा. नळा हलवत हलवत दोघं बघत राहिले. हळूहळू थरथर थांबली आणि नळाभर जांभळा उजेड पसरला, एकसारखा. दस्तगीरनं काचेवर तळहात ठेवला. काच गार होती.

"रंग बसला सर," तो म्हणाला. दाण्यांवरची हिरवी लव गेली होती.

सरांनी ते दाणे आणि न लावलेले दाणे वेगवेगळ्या काचेच्या ताटल्यांत घालून उबदार कपाटात ठेवले. काही दिवसांनी कपाट उघडलं तर एका ताटलीत हिरवीगार बाग उगवली होती, दुसरीत काही नव्हतं. सर एरवी हात मिळवतानाही संकोचायचे, त्यांनी दस्तगीरच्या पाठीवर थाप मारली. "बुरशी मेली, दस्तगीर!" मग चहा पिताना ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पण बुरशी मरण्यापूर्वी दाण्यात विष सोडते. ते गेलं का, हे वेगळं तपासायला हवं. पुण्याला मित्राच्या प्रयोगशाळेत मी स्वतः जाऊन बघेन. तोवर यातला दाणा कुणी खायचा नाही."

दस्तगीरनं हे ऐकलं. नीट ऐकलं, मान डोलावली. पण ऐकताना त्याच्या डोळ्यांपुढं सरांची ती बटणाला टिचकी मारायची सवय होती. शिकलेल्या माणसाला शंकेशिवाय करमत नाही, असं त्याला वाटलं. त्यानं तर रंग बसताना डोळ्यांनी बघितला होता. आत मळ असता तर उजेड एकसारखा आला असता का? बार, टॉकीज, मोर, आयुष्यभरात एकदा तरी उजेड त्याच्याशी खोटं बोलला होता का?

रविवारी तो आष्ट्याला गेला.

"आपा, आता निवडत बसू नगंस," त्यानं जाहीर केलं. "सगळा दाणा माझ्याकडं आण. माझ्या उजेडात घातला की बुरशी मरती. सरांनी बघितलंय, म्या बघितलंय."

नूरजहांनं त्याच्याकडं बघितलं. "ह्यांना घालायचं हाय दस्तू. बघ बाबा. आजारी माणूस हाय."

"दाजींसाठीच तर म्हणतोय. माझा शबूद हाय."

एवढ्यावर तिनं सूप भिंतीला लावून ठेवलं. भावानं शब्द दिल्यावर त्यात निवडायला काय राहिलं?

त्यानंतर तो हिवाळा या घरात फार आनंदात गेला, आणि हेच सांगायला सगळ्यात अवघड जातं. नूरजहां रविवारी एसटीनं सांगलीला यायची, मांडीवर दाण्याची पिशवी. दस्तगीर नळा पेटवायचा आणि ती स्टुलावर बसून बघायची. पदराच्या टोकानं तोंड झाकून ती हसायची, "मोहरमच्या ताबुतागत दिसतंय रं." निवडण्यात जाणारी संध्याकाळ मोकळी झाल्यामुळं ती अल्फियाची वेणी घालायला लागली होती. मापटंभर दाण्यातला एक दाणाही आता उकिरड्यावर जात नव्हता. गूळ घालून लाडू व्हायचे, लसूण घालून चटणी व्हायची. उजेडातून काढलेल्या दाण्याला वास उरत नसे. थोडा कडवटपणा असायचा तो गुळात झाकून जायचा.

बाबालालला भूक लागायला लागली. दस्तगीर आष्ट्याला आला की तो अंथरुणात उठून बसायचा, उशाच्या डब्यातला लाडू काढायचा, त्याचे दोन तुकडे करायचा आणि मोठा तुकडा मेव्हण्याच्या हातावर ठेवायचा. "तुमच्या दिव्याची करामत," म्हणायचा. दस्तगीर तो तुकडा खायचा आणि त्याला वाटायचं, फिटलं. आपाचं सगळं नाही, पण थोडं तरी फिटलं. इतका सुखी तो पुण्याहून पहिल्यांदा कसब शिकून आला तेव्हाही नव्हता.

होळीच्या सुमारास बाबालालचे डोळे पिवळे झाले. लोकांनी सांगितलं, पुन्हा कावीळ. पाल्याचं औषध झालं, ते देणाऱ्यानं पथ्य सांगितलं, तेल बंद, मटण बंद. शेंगदाणा-गूळ चालेल, तो म्हणाला. मग बाबालालचं पोट फुगायला लागलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. तेव्हा त्याला मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पोटावर हात ठेवला, फोटो काढायला लावले आणि दस्तगीरला बाहेर बोलावून सांगितलं की लिव्हरमध्ये गाठ आहे, फार पुढं गेलेली आहे.

मित्राच्या प्रयोगशाळेत सरांचा नंबर लागायलाच हिवाळा गेला होता, ते त्याच आठवड्यात पुण्याहून आले. त्यांनी दस्तगीरला कॉलेजात बोलावलं, खिडक्यांना काळे पडदे लावले आणि टेबलावर काचेची एक पट्टी ठेवली. पट्टीवर पांढरी पूड थापलेली होती आणि तिच्यावर तीन ठिकाणी दाण्यांचा अर्क चढवलेला होता. पहिल्या जागी चांगल्या दाण्याचा, दुसऱ्या जागी बाद दाण्याचा, तिसऱ्या जागी बाद पण उजेडातून काढलेल्या दाण्याचा. "विष असेल तर या दिव्याखाली ते निळं दिसतं," असं म्हणून सरांनी एक लहानसा दिवा लावला.

पहिली जागा काळी राहिली. दुसरीवर निळा ठिपका उमटला, सुंदर निळा, दस्तगीरला आयुष्यभर जसा हवा होता आणि क्वचितच साधला होता तसा. तिसरीवरही निळा ठिपका होता. जरा फिकट, पण तोच.

सर समजावून सांगत होते. आपला उजेड दाण्याच्या वरवरच लागतो. बुरशीचे धागे आत गेलेले असतात, विष गरात मुरलेलं असतं. वेळ वाढवून बघू, वायू बदलून बघू, प्रयोग अगदीच फुकट गेला असं नाही. दस्तगीरच्या कानावर यातलं काही पडत नव्हतं. उजेड वाचायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सर, खाल्लं तर काय हुतं?"

"लिव्हरवर जातं. आधीच लिव्हर खराब असलेल्या माणसाला तर..." सर थांबले. त्यांनी पडदा बाजूला केला आणि दस्तगीरच्या तोंडाकडं बघितलं. "कुणी खाल्लं?"

दस्तगीर उठला आणि मिरजेच्या एसटीत जाऊन बसला.

मिरजेच्या डॉक्टरला जाऊन त्यानं हे सगळं सांगितलं, एका दमात, कधी नव्हे ते हात न हलवता. डॉक्टर वयस्कर होता, ऐकून घेतलं. म्हणाला, "जुन्या काविळीनं लिव्हर आधीच पोखरलेलं होतं. अशी गाठ चार महिन्यांत होत नाही. दाण्यानं त्यात किती भर घातली, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही." तू मारलंस असं डॉक्टर म्हणाला असता तर दस्तगीरनं मान खाली घातली असती. तुझा दोष नाही म्हणाला असता तर रडून मोकळा झाला असता. दोन्हीतलं काही त्याच्या वाट्याला आलं नाही.

आता एकच गोष्ट त्याच्या हातात होती, आपाला सांगणं. अल्फिया अजून तीच चटणी खात होती. तो वॉर्डात शिरला तो सांगायचंच ठरवून. नूरजहां खाटेशेजारी खाली बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला. पिशवीतून तिनं दाण्याचं गाठोडं काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"सुलाबाई देऊन गेली बघ. एवढं उजेडात घालून आण. ह्यांना आता दुसरं काय जात न्हाई. लाडू तेवढा कुस्करून घालते दुधात."

दस्तगीरनं गाठोडं उचललं. एवढा बोलणारा माणूस, पण त्याच्या तोंडून "बरं" एवढंच निघालं.

बाहेर येऊन त्यानं ते दाणे गटारात ओतले. मग सांगलीच्या बाजारात जाऊन पहिल्या नंबरचे, टपोरे, गुलाबी सालीचे दाणे घेतले आणि त्याच गाठोड्यात बांधले. असंच करत राहू, त्यानं ठरवलं. बाद दाणे घेऊ आणि चांगले देऊ. कुणाला कळणार आहे? आपाच्या पुढं खोटं बोलायचा हा मार्ग त्याला इतका सोपा वाटला की त्याला जरा बरंही वाटलं. माणूस घाबरला की त्याची अक्कल कुठं जाते कोण जाणे. जिनं जन्मभर दाणेच हाताळले तिच्या हातात तो दाणे द्यायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी नूरजहांनं गाठ सोडली आणि सवयीनं आत हात घातला. हात आतच राहिला. मग तिनं मूठ बाहेर काढली, उघडली, आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"दस्तू, हे बाद दाणे न्हाईत."

"उजेडानं..."

"उजेडानं दाणा टपोरा हुतो व्हय?"

बाबालाल गुंगीत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली होती. दस्तगीर भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं सांगून टाकलं. निळा ठिपका, गरात मुरलेलं विष, सरांनी खाऊ नका म्हटलेलं, सगळं. डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं, पण ते सांगताना आपण सुटायला बघतोय असं त्यालाच वाटलं आणि तो मध्येच थांबला.

नूरजहां तिच्या तळहातावरच्या दाण्यांकडं बघत होती.

"मी टाकत हुते की रं," ती म्हणाली. "आधी मी टाकतच हुते."

बास, एवढंच.

बाबालाल त्यानंतर फार दिवस राहिला नाही. शेवटी शेवटी तो लाडू मागायचा आणि नूरजहां त्याला नुसतं दूध पाजायची. "दिवा बिघडला काय मेव्हण्याचा?" एकदा त्यानं विचारलं. "व्हय," ती म्हणाली, "बिघडला." आष्ट्याच्या कबरस्तानात माती देताना दस्तगीर सगळ्यांच्या मागं उभा होता. कुणी त्याला मागं उभं केलं नव्हतं.

तो शेडवरही जाऊन आला. बायकांना त्यानं सांगितलं, बाद दाणा खाऊ नका, त्यात विष असतंय. बायकांनी ऐकून घेतलं. सुलाबाईनं सूप पाखडणं न थांबवता विचारलं, "मग आमच्या पदरात काय, शेठ पैला नंबर घालणार हाय व्हय?" शेठ म्हणाला, खायचं नसेल तर घेऊ नका, बळजबरी कुठं आहे, घाण्यावाला तयारच आहे. त्या शनिवारी सगळ्या बायकांनी पदर पसरले. नूरजहांनंही पसरला. घरी येऊन तिनं भिंतीवरचं सूप काढलं आणि पहिल्यासारखी निवडायला बसली. मूठभर ठेवायची, बाकीचं टाकायची. याखेरीज त्या घरात दुसरा बदल झाला नाही.

सरांचा प्रयोग तिथंच राहिला. बुरशी मेली आणि विष उरलं, असा निकाल कोण छापणार? रुंद नळा कॉलेजच्या कपाटावर आडवा पडला. दस्तगीरनं ट्रान्सफॉर्मर विकला, पंप विकला आणि प्लॅस्टिकच्या पेट्यांत ट्यूबलाइट बसवायचं काम धरलं. आता तो फारसा बोलत नसे. चहावाले त्याला मुद्दाम बारच्या ग्लासाची आठवण काढून द्यायचे, तो नुसतं हं म्हणायचा.

पुढच्या रमजान ईदला तो आष्ट्याला गेला. शिरखुर्म्याचं सामान त्यानं चांगल्या दुकानातून घेतलं होतं. शेवया, खारीक, चारोळी, साखर. अल्फियानं धावत येऊन पिशवी घेतली. नूरजहां बाहेर आली. कसा हाईस, धंदा कसा हाय, तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर तो तिच्या पाया पडला असता. तिनं त्याला पाणी दिलं, दारात उन्हाला चटई टाकून दिली, आणि सूप घेऊन समोर बसली.

आधी तिनं चारोळी सुपात ओतली आणि एकेक दाणा बोटानं बाजूला सारून बघितला. मग खारीक घेतली, प्रत्येक खारीक उलटीपालटी केली, देठापाशी नखानं उकरून पाहिली. शेवयांची जुडी उन्हात धरली. मुद्दाम करत नव्हती ती. दस्तगीरला दाखवायला तर नव्हतीच, तो समोर बसलाय याचंही तिला भान दिसत नव्हतं. हात आपोआप चालत होते. भावाच्या हातून घरात आलेली वस्तू होती, म्हणून ती निवडत होती.

शेवटी तिनं साखरेची पुडी सोडली आणि साखर सुपात पसरली.

"मा, साखर कोण निवडतंय व्हय?" अल्फिया हसून म्हणाली.

नूरजहांनं वर बघितलं नाही. ती साखर निवडत राहिली, आणि दस्तगीर तिचं होईपर्यंत समोर बसून राहिला.